मजुरीतील बचत

मराठीत 'निवडणे' हे क्रियापद फार सोयीचे आहे. आपण तांदूळ निवडतो, पालेभाजी निवडतो, जावई निवडतो आणि दर पाच वर्षांनी सरकारही निवडतो. पहिली दोन कामे बायकांची आणि पुढची दोन पुरुषांची, असे आपल्याकडे पूर्वापार चालत आले. साहजिकच पुढच्या दोन कामांना अक्कल लागते आणि पहिली दोन नुसत्या हातांनी होतात, असाही समज झाला. माझाही तोच समज होता. तो लातूरच्या एका डाळ मिलमध्ये उतरला. पण तोवर माझ्या सहीचा कागद पुढे गेलेला होता.

२००४ सालची गोष्ट. तेव्हा मी लातूरला एका बँकेत कर्ज विभागाचा अधिकारी होतो. लातूर ही तुरीची आणि तूरडाळीची जुनी, मोठी पेठ. मार्केट यार्डात सौदे झाले की पोती ट्रकांत चढायची आणि डाळ मिलच्या दारात उतरायची. आमच्या शाखेचा बराचसा धंदा या मिलवरच चाले. कॅश क्रेडिटला तारण असलेला माल जागेवर आहे की नाही, हे बघायला महिन्यातून एकदा गोदामात जाऊन पोती मोजायची, हे माझे काम. मोजून झाले की मालक चहा मागवत, आणि चहा येईपर्यंत मी मिलमध्ये एक फेरी मारून येत असे.

डाळ करणे मला नवे नव्हते. उन्हाळ्यात आमच्या घरी आई तूर चाळून, तिला तेल-पाण्याचा हात लावून अंगणात वाळत घालायची आणि मग शेजारणीबरोबर जात्यावर भरडायची. मिलमध्ये तत्त्व तेच, फक्त आकार मोठा. तूर चाळून खडे-माती काढायची, खरखरीत एमरीच्या रुळांतून फिरवून टरफलाला चरे पाडायचे, तेल लावून मुरू द्यायची, पाण्याचा हबका मारून वाळवायची, पुन्हा रुळांत घालायची. हळूहळू टरफल सुटते आणि दाणा दुभंगतो. १०० किलो तुरीतून ७०-७५ किलो डाळ हाती येते. बाकीची चुरी आणि कोंडा जनावरांच्या पोटी जातो.

या सगळ्या घरघरीच्या शेवटी, शेडच्या उजेडाच्या बाजूला, बायका बसलेल्या असायच्या. पुढ्यात डाळीचा ढीग, मांडीशी सूप. टरफल तसेच राहिलेला दाणा, काळा पडलेला, किडका, डागी, एखादा चुकार खडा, असे सगळे त्या बोटांनी बाजूला करायच्या. तोंडाने सासू-सुनांच्या गोष्टी चालू असायच्या आणि हात आपले काम करत असायचे. ज्या मिलची गोष्ट सांगतो आहे, तिथे अशा ३८ बाया होत्या. रोज चाळीस रुपये. हजेरी मुकादमाच्या वहीत, मिलच्या मस्टरवर नाही. हा तपशील तेव्हा मला बिनमहत्त्वाचा वाटला होता.

मिलच्या मालकांना सगळे अप्पा म्हणत. सज्जन माणूस, हप्ता कधी चुकला नाही. एके दिवशी अप्पा बँकेत आले ते रंगीत छापील माहितीपत्रक घेऊनच. म्हणाले, "साहेब, बाजारात आता शॉर्टेक्सशिवाय भाव नाही. मुंबईचा व्यापारी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. हातानं निवडलेल्या डाळीत एक काळा दाणा निघाला, तर अख्ख्या गाडीचा भाव पाडतो."

'शॉर्टेक्स' हा शब्द लातूरच्या प्रत्येक हमालाला माहीत आहे. मूळ नाव सॉर्टेक्स. धान्याचे दाणे रंगावरून वेगळे करणारी यंत्रे बनवणाऱ्या लंडनच्या एका कंपनीचे हे नाव. जसे वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो आणि कुणाच्याही फोटोप्रतीला झेरॉक्स, तसे यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपल्या बाजारात ते शॉर्टेक्सच. कल्पना त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९३० च्या दशकातच विजेच्या डोळ्याने घेवड्याचे दाणे निवडणारी यंत्रे तयार झाली होती. म्हणजे तिकडेही सुरुवात झाली ती कडधान्यापासूनच.

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. वर हॉपरमध्ये डाळ ओतायची. ती थरथरत्या पत्र्यावरून पुढे सरकते आणि उतरत्या नळ्यांतून एका ओळीत खाली पडू लागते. पडताना तिच्यावर दोन्ही बाजूंनी झगझगीत उजेड टाकलेला असतो आणि समोर कॅमेरे असतात. प्रत्येक दाण्याचा रंग कॅमेरा टिपतो आणि आत सांगून ठेवलेल्या रंगाशी ताडून बघतो. दाणा नापास झाला की खाली बसवलेल्या बारीक नळीतून दाबलेल्या हवेची फुंकर सुटते आणि तेवढा एक दाणा उडून दुसऱ्या खणात पडतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत. आई सुपातला फोलपट फुंकून उडवायची, तीच ही फुंकर. फक्त ही दाण्यागणिक असते आणि दमत नाही.

मी प्रस्ताव तयार करायला घेतला. बँकेच्या भाषेत याला मूल्यांकन म्हणतात. यंत्राची किंमत पाव कोटीच्या घरात. मिलची डाळ दिवसाला शंभर क्विंटल, वर्षाचे कामाचे दिवस तीनशे. म्हणजे तीस हजार क्विंटल. निवडलेल्या डाळीला क्विंटलमागे साठ रुपये जादा भाव धरला, तर वर्षाला अठरा लाख. त्याखाली दुसरी ओळ होती : 'मजुरीतील बचत'. ३८ बाया, चाळीस रुपये रोज, तीनशे दिवस. चार लाख छप्पन्न हजार. ती ओळ मी माझ्या अक्षरात लिहिली. बेरीज केली, विजेचा आणि देखभालीचा खर्च वजा केला, हप्ते बसतात हे दाखवले आणि शिफारस करून फाईल वर पाठवली. मंजुरी आली.

यंत्र बसवायला बाहेरगावचा इंजिनिअर आला होता. तरुण, हुशार, आपल्या कामात तरबेज. बँकेचे पैसे गेले म्हणून चाचणीच्या दिवशी मीही हजर होतो. यंत्र सुरू झाले. नळ्यांखाली टकटक असा अखंड आवाज येऊ लागला, गारांच्या पावसासारखा. पास झालेली डाळ सोन्यासारखी दिसत होती. पण नापास डाळीचा खण बघता बघता भरला. अप्पांनी त्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यात चांगली डाळ फार होती. इंजिनिअरने आकडे सैल केले, तर काळे दाणे पास होऊ लागले. पुन्हा आवळले, तर पुन्हा चांगली डाळ बाहेर. दोन तास हा खेळ चालला.

शेवटी मुकादम म्हणाला, "मावशीला बोलवा." बायांतली एक वयाने मोठी, पन्नाशीची असेल. ती आली, नापास डाळीची मूठ घेऊन उजेडाला गेली आणि तळहातावर दाणे पसरून बोटाने वेगळे करू लागली. "ही बघा सायेब, ही तांबूस दिसती पर खराब न्हाई. ही उन्हानं तापलेली हाय. शिजायला काय बी फरक न्हाई. ही मातूर पिवळी दिसती अन् आतून गेलेली हाय. हिच्या कडंला बघा, काळी रेघ." इंजिनिअर भला होता. त्याने मान डोलावली, तिने वेगळे केलेले दाणे प्लेटमध्ये घेतले आणि यंत्राला दाखवले. ती एक एक ढीग करून देत होती, तो एक एक आकडा बदलत होता. संध्याकाळपर्यंत नापास खणात खरोखरच नापास डाळ पडू लागली.

मावशीला त्या दिवशी चाळीस रुपये मिळाले. आठवडा संपला तेव्हा ३८ बायांपैकी चौघी राहिल्या, पोती भरताना झाडलोट करायला. मावशी त्या चौघींत नव्हती. वय झाले होते ना.

अप्पांना मी दोष देत नाही. त्यांनी यंत्र घेतले नसते, तर शेजारच्या मिलने घेतलेच होते. आणि खाणाऱ्याच्या बाजूने बघितले तर डाळ स्वच्छ झाली, खडे गेले, लातूरच्या डाळीचा बाजारातला शब्द टिकला. शब्द टिकला म्हणजे मिल टिकली, आणि मिल टिकली म्हणजे तुरीला घराजवळ गिऱ्हाईक राहिले. हे सगळे खरे आहे. माझी बोच वेगळी आहे. ती कळायला मला माझ्याच नोकरीकडे वळून बघावे लागले.

मी १९८३ साली नांदेडला बँकेत कारकून म्हणून लागलो. त्या काळी बँक म्हणजे लेजर. लाल कापडी बांधणीची, दोन हातांनी उचलावी लागणारी ती बाडे, रोजची नोंद, रोजची बेरीज आणि शिल्लक जुळली नाही तर रात्री दहापर्यंत दिव्याखाली बसणे. बरोबर त्याच वर्षी, सप्टेंबर १९८३ मध्ये, इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि १९८७ मध्ये दुसरा करार झाला. कुठे, किती आणि कोणती यंत्रे आणायची, यंत्रावर बसणाऱ्याला जादा भत्ता किती द्यायचा, हे सगळे समोरासमोर बसून, कागदावर, सह्यांनिशी ठरले. त्याआधी आम्ही काळ्या फिती लावल्या होत्या, दारात घोषणा दिल्या होत्या. 'संगणक हटाव' असे मीही ओरडलो होतो.

मग शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले. ज्या कारकुनांनी घोषणा दिल्या, तेच त्या यंत्रावर बसण्यासाठी सेवाज्येष्ठता मोजू लागले, कारण भत्ता होता. आमच्यातल्या एकाचीही नोकरी यंत्रामुळे गेली नाही. पुढे २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि देशभरातले सुमारे एक लाख बँक कर्मचारी बाहेर पडले. पण तेही हातात रक्कम घेऊन, बऱ्याच जणांच्या नावे पेन्शन लागून. माझ्या टेबलाशेजारचा सहकारी त्या पैशांतून घरावर मजला चढवून गेला.

आता हे दोन हिशेब शेजारी ठेवा. लेजरमध्ये बेरीज करणारा मी आणि सुपात डाळ निवडणारी मावशी. दोघांचेही काम यंत्राने घेतले. मला भत्ता मिळाला, बढती मिळाली आणि तिचे काम घेणाऱ्या यंत्राला कर्ज देण्याचा अधिकार मिळाला. तिला शेवटच्या दिवसाचे चाळीस रुपये मिळाले. आमच्या दोघांच्या अकलेत फरक होता म्हणावे, तर चाचणीच्या दिवशी काय घडले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. फरक होता तो एवढाच की, माझे नाव मस्टरवर होते आणि माझ्या मागे संघटना होती.

मग यंत्रच नको, असे म्हणायचे का? तसे म्हणणाऱ्याने एकदा नांदेडला जावे. निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल एके काळी नांदेडचे घड्याळ होती. भोंगा झाला की बायका चूल पेटवत. १९७४ च्या कायद्याने देशातल्या आजारी कापड गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यांत तीही गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा मिल कामगाराच्या शब्दाला किराणा दुकानात पत होती. पण यंत्रे जुनी ती जुनीच राहिली, आणि बाहेर सूत आणि कापड दोन्ही स्वस्त होत गेले. अशा गिरण्या बुडायची कारणे अनेक आहेत. यंत्रे वेळेवर बदलली नाहीत, हे त्यांतले एक ठळक कारण. आज तिथे भोंगा नाही. म्हणजे लातूरला यंत्र आले म्हणून बाया घरी गेल्या आणि नांदेडला यंत्र आले नाही म्हणून गडी घरी गेले. प्रश्न यंत्र आणावे की आणू नये, असा नाहीच.

उलट काही ठिकाणी यंत्र आले ते फार उशिरा आले, असे मी म्हणेन. नांदेड भागातल्या जिनिंग फॅक्टऱ्या ज्यांनी जुन्या काळी पाहिल्या असतील, त्यांना धुरळ्यासारखी उडणारी ती रुई आठवेल. बाया टोपल्यांनी कापूस उचलून जिनात घालत. नाका-तोंडात तंतू जात आणि पन्नाशीत दम लागे. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. कापूस हवेच्या जोराने नळ्यांतून खेचला जाऊ लागला, जिनांना आपोआप पुरवठा होऊ लागला. लातूरच्या सोयाबीन तेलाच्या सॉल्व्हंट प्लांटचेही तेच. तिथे पेंडीतले तेल ओढून काढायला हेक्झेन वापरतात. ते पेट्रोलसारखे भडकते. तिथला दाब आणि तापमान माणसाच्या झोपाळू डोळ्यावर सोडण्यापेक्षा यंत्राने राखावे, हेच शहाणपणाचे.

या सगळ्या यंत्रांच्या मागे जो मेंदू असतो, त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. पूर्वी कारखान्यात कोणते यंत्र कधी सुरू व्हावे, कधी थांबावे, हे भिंतभर बसवलेल्या रिले आणि तारांच्या जाळ्यावरून ठरे. उत्पादनात बदल केला की सगळ्या तारा उसकून पुन्हा जोडायच्या. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला मोटारीचे मॉडेल बदलताना हा त्रास फार होई. १९६८ मध्ये त्यांनी तारांऐवजी आज्ञा बदलून काम होईल, असे काहीतरी मागितले. डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र दिले, त्याचे नाव मोडिकॉन ०८४. त्यांच्या कंपनीचे ते चौऱ्याऐंशीवे काम होते, म्हणून ०८४. त्या पेटीचे वंशज आज 'पीएलसी' या नावाने आपल्या साखर कारखान्यात, दूध संघात, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात बसलेले आहेत. पेटी लहान असते, भिंतीवरच्या कपाटात मावते. आत काय चालले आहे, हे तिच्या हिरव्या-लाल दिव्यांवरूनच कळायचे.

पण या पेटीलाही आधी कुणीतरी शिकवावे लागते. साखर कारखान्यातला पॅनमन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटेल. निर्वात पॅनमध्ये पाक शिजत असतो. हा माणूस सळीने त्यातला थेंब काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा धरला की नाही, ते सांगतो. आता पाकाचा दाटपणा मोजणारे संवेदक आले आहेत आणि वाफेची झडप आपोआप उघडते, मिटते. पण कोणत्या दाटपणाला झडप उघडायची, तो पहिला आकडा कुठून आला? कुण्या पॅनमनच्या काचेच्या पट्टीवरूनच. मावशीच्या तळहातावरून आला, तसाच.

या पेट्या चालवणारी, दुरुस्त करणारी माणसे आपल्याकडे घडत नाहीत, असेही नाही. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथे इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतात, म्हणजे नेमके हेच. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. शैक्षणिक कर्जाच्या निमित्ताने या मुलांशी माझा बराच संबंध आला. शेतकऱ्यांची, शिक्षकांची, एसटीतल्या कंडक्टरची मुले. शिकून बाहेर पडली, की बहुतेकांची गाडी पुण्याच्या दिशेने सुटते, चाकण नाहीतर रांजणगाव. त्यांचे काही चुकत नाही. पण ऐन हंगामात लातूरच्या मिलमधले यंत्र अडले, की बाहेरगावच्या इंजिनिअरची वाट बघत मालक आणि हमाल दोघेही बसून राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ ला झाली, तेव्हा या भागातल्या घराघरांत एकच बोलणे होते : आता आपली पोरे इथेच राहतील. ती किती राहतील, हे इथल्या आयटीआयमध्ये काय शिकवले जाते यावर ठरेल.

आता कायद्याकडे येतो, कारण बँकवाल्याची ती सवय आहे. मावशीला घरी बसवले तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. ज्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याचा संभव आहे, अशी सुधारणा यंत्रात वा पद्धतीत करण्याआधी मालकाने कामगारांना एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, असे त्यात लिहिलेले होते. नंतरच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक चांगली गोष्ट आली. कपात झालेल्या कामगाराला नवे काम शिकता यावे म्हणून मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम एका निधीत भरायची आणि ती त्या कामगाराला मिळायची. हमालांसाठी तर आपल्या राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. पण मुकादमाच्या वहीत नाव असलेल्या बाईला यांतले काय मिळणार? कायद्याच्या दारात जायला आधी मस्टरच्या दारातून जावे लागते. तिचे नाव तिथे नव्हतेच, म्हणून ती कमी झाल्याचीही कुठे नोंद नाही.

आणि सरकारी मदत? ती यंत्राला आहे. लघुउद्योगांनी नवे तंत्र आणावे म्हणून केंद्राने २००० साली कर्जाशी जोडलेले भांडवली अनुदान सुरू केले आणि २००५ मध्ये ते बारावरून पंधरा टक्क्यांवर नेले. चांगलीच योजना होती. अनेकांचे असे अर्ज मी स्वतः भरून दिले. त्यात यंत्राचे कोटेशन लागे, वीज जोडणीचा कागद लागे. यंत्रामुळे किती माणसे जातील आणि ती काय करतील, असा रकाना मात्र मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर एकदा मी तो जुना हिशेब आठवून पुन्हा मांडला. भावातला फायदा अठरा लाख, मजुरीतील बचत चार लाख छप्पन्न हजार. म्हणजे एकूण फायद्यात त्या बायांच्या मजुरीचा वाटा जेमतेम पाचवा भाग. यंत्राचा हप्ता फिटणार होता तो मुख्यतः चांगल्या भावातून, त्यांच्या मजुरीतून नव्हे. प्रत्येक प्रस्तावात यंत्राचा पाया, वाहतूक, विमा, चाचणी असा प्रारंभीचा खर्च आम्ही धरतो आणि त्यावरही कर्ज देतो. त्या खर्चात एक ओळ आणखी घातली असती : कमी होणाऱ्या मजुरांची एक वर्षाची मजुरी, चार लाख छप्पन्न हजार. पाव कोटीच्या कर्जात ती सहज मावली असती. हप्ता थोडा वाढला असता, मुदत काही महिने लांबली असती. तेवढ्या वर्षात चार-पाच जणींना यंत्रावर बसायला शिकवता आले असते. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे वाचता आले नसते म्हणाल, तर नापास डाळ वाचता येत होती, आणि तेच तर खरे काम होते. बाकीच्यांना दुसरे काम शोधायला उसंत मिळाली असती. धर्माबादच्या मिरची बाजारात देठ खुडायला अजूनही माणसांचीच बोटे लागतात. पण लातूरच्या बाईला तिकडे जायला गाडीभाडे आणि महिनाभराचा आधार तर हवा.

हे मला २००४ मध्ये का सुचले नाही? कुणी मनाई केली नव्हती. छापील नमुन्यात ती ओळ नव्हती, एवढेच. कादंबरी लिहिताना कोणते पात्र कुठे गेले याची मी काळजी करतो. प्रस्ताव लिहिताना ३८ माणसे एका बेरजेत गेली आणि मी पान उलटले. आज तर यंत्राचा डोळा आणखी तीक्ष्ण झाला आहे. पूर्वी त्याला रंग सांगावा लागे, आता चांगल्या-वाईट दाण्यांची चित्रे दाखवली की ते आपले आपण शिकते, असे सांगतात. शिकू दे. पण दाखवणाऱ्याची मजुरी त्या प्रस्तावात कुठेतरी धरलेली असावी. आज त्या टेबलावर बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांना माझे सांगणे इतकेच आहे : 'मजुरीतील बचत' ही ओळ जरूर लिहा, पण तिच्याखाली आणखी एक ओळ तुमच्या अक्षरात लिहा. वरून विचारणा झाली तर सांगा, एका निवृत्त माणसाने सांगितले म्हणून.

मावशी मला पुन्हा भेटली ती २०१७ मध्ये, बँकेतच. निराधार योजनेचे पैसे काढायला आली होती. अंगठा यंत्रावर ठेवून ठेवून थकली होती. तिचे ठसे यंत्राला लागत नव्हते. बोटे कपड्याला पुसून झाली, पाण्याने धुऊन झाली, पुन्हा तेच. मला ओळखून ती हसली. म्हणाली, "सायेब, डाळीत झिजली हो बोटं. ह्या मशिनीला दिसंना झालीत." मी तिला आत खुर्चीवर बसवले, पैसे काढायची स्लिप भरली, शाईचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या आणि पैसे दिले. जुनी पद्धत, पाच मिनिटांचे काम.

तिने नोटा मोजून पदराच्या गाठीत बांधल्या आणि उठता उठता विचारले, "अप्पांचं ते मशीन चालतंय का हो नीट? चांगली डाळ तर टाकत न्हाई ना?"

चालतंय मावशी, नीट चालतंय, असे मी म्हणालो. तिला बरे वाटले.